मूरसाइडच्या दहा सह्या

आता दोन सह्या पुरतात. एक नाव सुचवणाऱ्याची, एक अनुमोदकाची, की झाला माणूस नगरपालिकेचा उमेदवार. क्लिफर्ड ओल्ड्रॉइडच्या वेळेला दहा लागत, आणि त्या दहाच्या दहा त्याच वॉर्डातल्या मतदारांच्या. हॅलिंगडेनच्या कामगार क्लबात जुनी खोडं बिअरचा ग्लास पुढ्यात घेऊन बसली की अजून म्हणतात, "दोन सह्यांत कसली आलीया निवडणूक! दहा दारं झिजवायला लागायची, तवा कळायचं कोण किती पाण्यात हाय ते." असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात एक दार झिजवलेलं नसतं. क्लिफर्डनं मात्र झिजवली. चारातल्या तीन वर्षी निवडणूक, आणि दर निवडणुकीला तो उभा. एकवीस वेळा उभा राहिला, एकवीस वेळा पडला. आणि उभा कुठं राहायचा, तर मूरसाइडला.

मूरसाइड म्हणजे वरचं अंग. खाली नदीकाठी गिरण्या आणि गिरण्यांना पिल्लांसारख्या बिलगलेल्या दगडी चाळी. वर टेकाडावर मूरसाइड, बंगल्यांचं, हिरवळीचं, बंद फाटकांचं. खालचे सगळे मजूर पक्षाचे, वरचे सगळे हुजूर पक्षाचे. दोन्हीकडं पक्षानं आपली छडी उभी केली असती तरी ती निवडून आली असती. क्लिफर्ड खालचा. चौदाव्या वर्षी गिरणीत शिरला आणि भोंगा कायमचा बंद होईस्तोवर साळखात्यात, विणकामाच्या साच्यांवर, जॉबर होता. बिघडलेला साचा नुसत्या आवाजावरून ओळखायचा. साच्यांच्या त्या खडखडाटानं कान गेले, म्हणून बोलायचा मोठ्यानं आणि समोरच्याच्या ओठांकडं बघत. वरच्या बायकांना आधी वाटायचं, हा भांडायलाच आलाय.

"आपल्याच वॉर्डात उभा रहा की," पक्षाची माणसं म्हणायची. "डोळं झाकून निवडून येशील. मूरसाइडला आपल्याला कुत्रं विचारत न्हाई."

"कुत्र्यानं इचारावं म्हणून न्हाई जात मी," क्लिफर्ड म्हणायचा. "मताची पेटी तिथं जावी म्हणून जातोय."

पेटीचं कारण त्याच्या आईपाशी होतं. बाप न्युमोनियानं गेला तेव्हा क्लिफर्ड सहा वर्षांचा. आई, एलिझा, मूरसाइडला गिरणीमालकाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली. राहणं तिथंच, माळ्यावरच्या खोलीत. गुरुवारी अर्धा दिवस आणि एकाआड एक रविवारी सुट्टी. पोरगं खाली आजीजवळ वाढलं. दुसरी लढाई संपली, कायदा बदलला, आणि नगरपालिकेच्या मतदारयादीत पहिल्यांदाच स्वयंपाकिणीचंही नाव आलं. एलिझानं मालकिणीकडून तासाभराची रजा मागून घेतली, रविवारची टोपी चढवली आणि मत द्यायला शाळेवर गेली. फाटकाला कुलूप. शाळेचा शिपाई पानं झाडत होता. तो म्हणाला, "बाई, इथं कुठली आलीय निवडणूक? साहेब बिनविरोध आले." पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या सालीही तेच. हुजूर पक्षाचा एक अर्ज यायचा, दुसरा कुणी भरायचाच नाही, आणि दुपारी बाराचे टोले पडले की मूरसाइडचा नगरसेवक मुकाट्यानं तयार व्हायचा. लढाईवरून परतलेल्या क्लिफर्डला तिनं ही गोष्ट हसत हसत सांगितली. पण सांगताना टोपीची पिन काढायला गेली ती नेमकी बोटात घुसवून घेतली. त्रेसष्ट साली ती गेली. सतरा वर्षं यादीत नाव होतं, आणि गावाच्या कारभारात मताची एक फुली काही तिला मारायला मिळाली नाही.

चौसष्ट साली क्लिफर्ड कागद घेऊन पहिल्यांदा टेकडी चढला.

सत्याऐंशी मतं पडली त्या वर्षी. सगळ्यात जास्त चारशे दोन, तीही मूरसाइडचं वाचनालय बंद करायचं निघालं होतं त्या वर्षी. पण मतं ही नंतरची गोष्ट. खरी गंमत सह्यांची. मार्च उजाडला की क्लिफर्ड सूट घालायचा आणि चढणीला लागायचा. डॉक्टरांची विधवा त्याला चहा पाजायची, सही करायची आणि दारापर्यंत सोडायला येऊन न चुकता बजावायची, "सही दिली, मिस्टर ओल्ड्रॉइड. मत नाही हं देणार." वरच्या चौकातला मटणवाला दुकानातच सही करायचा, हात न पुसता. एकदा कागदावर तांबडा ठिपका बघून नगरपालिकेतला कारकून हेपवर्थ हबकला. "हे रक्त कुणाचं रं?" "डुकराचं हाय," क्लिफर्ड म्हणाला. "मतदाराचं न्हाई." चर्चचे पाद्री सही करायचे, पण पडदा ओढून घेऊन. एक म्हातारा कर्नल दर वेळी अर्धा तास शिव्या द्यायचा, मजूर पक्षानं देश कसा धुळीला मिळवला ते सांगायचा, आणि शेवटी झोकात सही ठोकायचा. म्हणायचा, "शत्रूशिवाय लढाई म्हणजे नुसती कवायत." या दहांतल्या सहा-सातांनी त्याला जन्मात मत दिलं नसेल. पण फाटक उघडायचे, नाव घेऊन बोलवायचे, आणि आल्याचा केक कापून पुढं ठेवायचे.

"माणसं जिंकायला एवढी मेहनत घेतात," हिल्डा, त्याची बायको म्हणायची. "आमचा मेला पडायला घेतोय." म्हणायची आणि त्याच्या बुटांना पॉलिश करून ठेवायची. अठ्ठ्याऐंशी साली तीही गेली. नंतरच्या दोन निवडणुकांना बूट तसेच.

एक्क्याण्णव साल उजाडेपर्यंत वरचंही सगळं पालटलं. कर्नल गेला. डॉक्टरीणबाई गेल्या. मटणवाल्यानं दुकान विकलं आणि समुद्रकाठी बहिणीकडं राहायला गेला. बंगल्यांत नवी माणसं आली, सकाळी मोटारीतून निघून जाणारी आणि रात्री मोटारीतूनच आत शिरणारी. बेल वाजवावी तर आतून कुत्रं भुंके, बाकी सामसूम. पूर्वी तीन दिवसांत होणाऱ्या दहा सह्यांना क्लिफर्डला तीन आठवडे लागले. अडुसष्टावं लागलं होतं, गुडघे बोलायला लागले होते. दहावी सही मिळाली ती मिस बेअरस्टोंची, आणि तो कागद घडी करून आतल्या खिशात ठेवताना त्याला वाटलं, चला, अजून एक साल निभावलं.

मिस बेअरस्टो म्हणजे मूरसाइडच्या शाळेतल्या निवृत्त बाई. एकोणऐंशी वर्षांच्या, काठीसारख्या ताठ, आणि स्वभावानं लोणी. चाळीस वर्षांत एका पोराला त्यांनी कोपऱ्यात उभं केलं असेल तर शपथ. 'नाही' हा शब्द त्यांना फळ्यावर लिहिता यायचा, तोंडानं म्हणता यायचा नाही.

शेवटच्या दिवशी, गुरुवारी, पावणेअकराला क्लिफर्ड नगरपालिकेत पोचला. अर्ज बारापर्यंत घेत. हेपवर्थनं चष्मा चढवला, मतदारयादी उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली आला. शेवटच्या नावावर बोट थांबलं.

"क्लिफर्ड, बस."

"बसायला न्हाई आलो. शिक्का मार, मला बाजारात जायाचंय."

"शिक्का मारला न्हाई तेच नशीब समज. बस." हेपवर्थनं खणातून दुसरा कागद काढला. हुजूर पक्षाच्या जेरल्ड मिडग्लीचा, सोमवारीच दाखल झालेला. त्यावर शेवटच्या ओळीत, वळणदार अक्षरात, मिस बेअरस्टोंची सही.

क्लिफर्डनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. सही तीच. शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा तीच.

"जागा एक, तर मतदाराला एकाच कागदावर सही करता येती," हेपवर्थ म्हणाला. "आधी आला तो खरा. तुझ्या नऊच उरल्या."

"म्हंजे?"

"म्हंजे आता हितं त्यांचं नाव खोड, बाराच्या आत त्याखाली दुसरं घेऊन ये. न्हाईतर मिडग्ली बिनविरोध."

तो शब्द क्लिफर्डला ऐकू आला नाही. पण हेपवर्थच्या ओठांवर त्यानं तो वाचला, आणि तडक उठला.

अकरा पाचची बस मिळाली. वीस मिनिटांत मूरसाइड. वाटभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. फक्त ते कुलूप लावलेलं फाटक. सत्तावीस वर्षांत ते एकदाही बंद राहू दिलं नव्हतं त्यानं. आता दहावी सही कुणाची आणायची? या वेळेला टेकडीवर माणूस भेटायचं कुठं? भेटलंच तर एकच ठिकाण ठाऊक होतं.

मिस बेअरस्टो स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. "अगबाई, क्लिफर्ड! माझ्या सहीत काही चुकलं का?"

"सही झकास हाय, मिस. पण ती दोन ठिकाणी झकास हाय."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे... जेरल्डची? अहो, तो रविवारी आला होता. डॅफोडिलं घेऊन आला. म्हणाला, मिस, एक सही कमी पडतेय. आता घरी आलेल्या माणसाला..."

"तुमी तर मला आधीच दिलेली हुती."

"तुम्हीही घरीच आला होता ना!" बाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला वाटलं, दोघांनाही उभं राहायचंय, तर दोघांनाही देऊ. दोघं उभे राहिले तरच निवडणूक, नाही का? माझं काय चुकलं?"

"काय न्हाई चुकलं," क्लिफर्ड म्हणाला. आणि मग काय चुकलं ते थोडक्यात सांगितलं.

बाईंनी फडकं घडी करून ठेवलं. उठल्या, कोट चढवला, दारामागची काठी घेतली. "चला."

"कुठं?"

"शेजारी. मी मागते."

पहिल्या दारात शिडीवर रंगारी. "मालक कामावर गेलेत. मी खालचा, भिंती रंगवायला आलोय." दुसऱ्या दारात एक गृहस्थ झग्यात उभा राहिला. "मी राजकारणात पडत नाही," म्हणाला. बाई म्हणाल्या, "हो हो, बरोबर आहे तुमचं, उगाच त्रास दिला, सकाळच्या वेळी, आणि तुमची डॅफोडिलं छान आहेत हो." दार बंद झालं.

"मिस," क्लिफर्ड घड्याळ बघत म्हणाला, "निस्ती माफी मागण्यात दोन मिन्टं घालवलीत तुमी."

बाई लाल झाल्या. अकरा पस्तीस झाले होते. त्या तरातरा रस्ता ओलांडून पलीकडच्या फाटकाकडं निघाल्या. फाटकावरची पाटी वाचून क्लिफर्ड जागीच थबकला.

"मिस, तिथं नगं. त्ये मिडग्लीचं घर हाय."

"ठाऊक आहे. आणि त्याची मोटार बाहेर आहे, म्हणजे तो घरीच आहे."

"अवो, पण त्यो..."

"त्यानं सही केलीय का कुणाच्या कागदावर?"

क्लिफर्डनं सकाळी बघितलेला कागद आठवला. बायकोची होती मिडग्लीच्या कागदावर, सासूचीही होती. त्याची स्वतःची नव्हती. स्वतःच्या अर्जावर स्वतः कोण सही करतं?

जेरल्ड मिडग्ली मोटारीची काच पुसत होता. चोपन्न वर्षांचा, बाईंच्याच वर्गात शिकलेला, गालफडं गुलाबी, कोटाची घडी न मोडलेली. क्लिफर्डचा अर्ज अजून पडला नाही हे त्याला कळलं होतं, आणि बारा वाजता नगरपालिकेत जाऊन उभं राहायच्या तयारीत होता. "वा, ओल्ड्रॉइड! अभिनंदन करायला आलास? अजून पंचवीस मिनिटं आहेत रे."

"जेरल्ड," बाई म्हणाल्या, "पेन आहे खिशात?"

"आहे ना, मिस."

"काढ."

त्यानं काढलं. पन्नास वर्षांची सवय, हात आपसूक खिशात गेला. बाईंनी कागद मोटारीच्या पुढच्या पत्र्यावर पसरला आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. जेरल्ड वाकला, वाचलं, आणि विंचू चावल्यासारखा सरळ झाला.

"मिस, हा याचा कागद आहे!"

"मला वाचता येतं."

"मी याच्या विरुद्ध उभा आहे, मिस! मी सही नाही केली तर बारा वाजता मी आलोच निवडून. पत्रकं नकोत, दारोदार हिंडणं नको."

"येशील ना. पण तुला निवडलं कोणी रे?"

"म्हणजे?"

"नाव सांग ना. मी? मला मत द्यायलाच मिळालं नाही. त्या रंगाऱ्यानं? तो खालचा. मग या गवतानं?" बाईंनी काठीनं हिरवळ दाखवली. "पत्रकात छापशील, गवतानं निवडून दिलं म्हणून?"

जेरल्डनं पेन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. घड्याळाकडं बघितलं. क्लिफर्डला त्याची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली. त्यानं कागद उचलायला हात पुढं केला.

"जाऊ द्या, मिस. माणसाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घे म्हणायचं, ह्ये काय बरं न्हाई."

"धोंडा?" जेरल्ड एकदम तापला. "कसला धोंडा? ओल्ड्रॉइड, गेल्या खेपेला मला मतं किती होती?"

"चौदाशे आन काय तरी."

"चौदाशे बारा! आणि तुला?"

"दोनशे एकोणनव्वद."

"दोनशे एकोणनव्वद! आणि म्हणे धोंडा! तुझ्यासारखे चार उभे राहिले तरी माझ्या पायाला ठेच लागायची नाही!" आणि त्यानं त्या तावातच वाकून सही ठोकली, मतदारयादीतला नंबरही न विचारता लिहिला, तोंडपाठ होता त्याला. लिहून झाल्यावर मात्र तो त्या सहीकडं असा बघत राहिला, की जणू दुसऱ्याच कुणीतरी केलीय.

"शहाणा मुलगा," बाई म्हणाल्या.

"बस तुला मिळायची नाही," जेरल्ड करवादला. "चढ मोटारीत. मिस, तुम्ही पुढं बसा. ओल्ड्रॉइड, बूट पूस आधी."

उतारावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. जेरल्डनं भोंगा वाजवला, धनगर आपल्या चालीनं चालत राहिला. क्लिफर्ड मागच्या सीटवर कागद गुडघ्यावर धरून बसला होता. बाई म्हणाल्या, "कोकरं किती गोड आहेत नाही?" आणि दोन्ही उमेदवारांनी दात आवळले.

सहा मिनिटं उरली असताना कागद हेपवर्थच्या टेबलावर पडला. त्यानं दहावं नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. दारात उभ्या असलेल्या जेरल्डकडं बघितलं. मग खणातून कायद्याचं पुस्तक काढून दोन पानं उलटली आणि मिटलं.

"उमेदवारानं विरोधकाच्या कागदावर सही करू नये असं कुठं लिहिलेलं न्हाई," तो म्हणाला. "लिहायची येळ येईल असं कुणाला वाटलंच नसंल." आणि शिक्का मारला.

मेच्या पहिल्या गुरुवारी मूरसाइडच्या शाळेचं फाटक सकाळी उघडलं. सतरंजीएवढं ऊन आणि वर बोचरं वारं. क्लिफर्ड लाल फीत लावून दारापाशी खुर्ची टाकून बसला. शेजारच्या खुर्चीवर निळी फीत लावून जेरल्डची बायको. येणाऱ्यांचे मतदारयादीतले नंबर दोघंही आपापल्या वहीत टिपत होते. तिनं थर्मासमधला चहा त्याला दिला, त्यानं तिला डुकराचं मटण भरलेली अर्धी पाई दिली. तिला चहाला जायचं असलं की तिचे नंबर तो टिपायचा, त्याला गुडघे मोकळे करायचे असले की त्याचे ती. हे असंच चालत आलेलं होतं.

चार वाजता मिस बेअरस्टो आल्या. मतपत्रिका घेतली आणि लाकडी आडोशामागं गेल्या, जिथं दोरीला बांधलेली पेन्सिल असते. गेल्या त्या गेल्याच. एक माणूस आला, थांबला. दुसरा आला. दोन बायका आल्या. मूरसाइडच्या शाळेत पहिल्यांदाच रांग लागली. क्लिफर्ड दारातून त्या रांगेकडं बघत राहिला. सहा माणसं मोजली त्यानं.

"बाईंना बरं नाही वाटत का काय?" जेरल्डची बायको कुजबुजली.

"इचार करत्यात," क्लिफर्ड म्हणाला. "करू द्या. त्याच्यासाठीच हाय त्ये."

बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळलेला. दोघांकडं बघून सारखंच हसल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात. जेरल्डला तेराशे एक्क्याण्णव, क्लिफर्डला तीनशे चार. एकविसाव्यांदा पडला. जाहीर करण्याआधी हेपवर्थनं रिवाजाप्रमाणं बाद मतपत्रिका दोन्ही उमेदवारांपुढं मांडल्या. तीन होत्या. दोन कोऱ्या. तिसरीवर दोन्ही नावांपुढं एकेक फुली, सारख्या मापाची, चौकटीच्या बरोब्बर मधोमध, एकीचीही रेघ बाहेर न गेलेली.

जेरल्ड वाकून बराच वेळ बघत राहिला. गालफडं हळूहळू हसरी होत गेली.

"ओल्ड्रॉइड," तो हळूच म्हणाला. क्लिफर्डनं त्याच्या ओठांकडं बघितलं. "हे हस्ताक्षर ओळखीचं वाटतंय रे."

"छ्या!" क्लिफर्ड म्हणाला, त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, की सगळं सभागृह वळून बघायला लागलं. "फुलीला कुठं हस्ताक्षर असतंय व्हय!"